हौसेचा ताळेबंद

'हौसेला मोल नाही' असे आपण सहज म्हणून जातो. पोटापाण्याशी संबंध नसलेल्या विषयामागे आयुष्य घालवणाऱ्या माणसाचे कौतुक त्या वाक्यात असते, आणि त्याचा हिशेब मागू नये अशी एक मूक सूचनाही असते. इतिहासाच्या आणि पुराणवस्तूंच्या हौसेला तर ही सवलत फारच उदारपणे दिली जाते. जुनी नाणी, शिलालेख, गडकोट, दूरदेशीच्या मृत संस्कृती यांवर प्रेम करणाऱ्याने कोणाचे काय वाकडे केले आहे, असा आपला भाव असतो. आम्हांला मात्र या म्हणीविषयी शंका आहे. हौसेला मोल असते, आणि पुष्कळदा ते हौस करणाऱ्याला मोजावे लागत नाही, दुसराच कोणी मोजतो. हे म्हणणे तपासून पाहण्यासाठी एका मंडळाचे एक वर्ष आम्ही निवडले आहे. मंडळ प्राचीन इजिप्तच्या प्रेमिकांचे आहे, आणि वर्ष आहे मार्च १८८२ ते वसंत १८८३. आम्ही मराठीचे अध्यापक. इजिप्तविद्या हा आमचा प्रांत नव्हे. पण भूतकाळावरचे प्रेम आणि वर्तमानाचे भान यांचा संबंध काय, हा प्रश्न साहित्य शिकवणाऱ्यालाही चुकत नाही.

या मंडळाचे नाव 'ईजिप्त एक्स्प्लोरेशन फंड'. पुढे १९१९ मध्ये त्यातील 'फंड' जाऊन 'सोसायटी' आली, आणि त्याच नावाने ही संस्था आजही लंडनमध्ये काम करते. तिच्या स्थापनेमागे मुख्य प्रेरणा होती ती एका कादंबरीकार बाईंची. अमेलिया एडवर्ड्‌स (१८३१–१८९२) या त्यांच्या काळातल्या लोकप्रिय लेखिका. १८७३–७४ च्या हिवाळ्यात त्या एका मैत्रिणीसोबत नाईल नदीतून शिडाच्या नावेने अबू सिंबेलपर्यंत आणि त्याही पुढे गेल्या. १८७७ मध्ये त्यांचे 'अ थाउजंड माइल्स अप द नाईल' हे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि बाईंचे उरलेले आयुष्य इजिप्तने ताब्यात घेतले. कादंबरीलेखन मागे पडत गेले.

हे प्रवासवर्णन मन लावून वाचले तर त्यात एक गंमतीचा आणि अस्वस्थ करणारा विरोध सापडतो. अबू सिंबेलच्या एका भव्य मूर्तीच्या चेहऱ्यावर, पूर्वी कोणीतरी साचा घेताना राहून गेलेले पांढरे प्लास्टरचे डाग होते. बाईंनी नावाड्यांकरवी ते खरवडून काढवले, आणि जिथे दगड पांढरट राहिला तिथे दाट कॉफी फासून रंग मिळवून घेतला. इतकी ममता! याच मुक्कामात त्यांच्या मंडळींना वाळूत गाडलेली एक लहानशी रंगीत खोली सापडली. गावच्या शेखने मजूर पुरवले, वाळू उपसली गेली, आणि शोध लावणाऱ्यांची नावे तारखेसह भिंतीवरच्या मोकळ्या जागेत लिहिली गेली. इतर प्रवाशांच्या नासधुशीबद्दल बाई पोटतिडकीने लिहितात. त्याच पुस्तकात लक्सरला जुन्या वस्तूंची चोरटी खरेदी करण्यासाठी चाललेल्या धावपळीचेही वर्णन आहे, आणि ती बेकायदा असल्यामुळे तिची लज्जत कमी झाली नाही अशी प्रांजळ कबुलीही. प्रेम करणारा माणूस ज्याच्यावर प्रेम करतो त्यावर आपले नाव लिहू पाहतो, हे त्या खोलीच्या भिंतीवर अक्षरशः नोंदले गेले आहे.

२७ मार्च १८८२ रोजी ब्रिटिश म्युझियममध्ये काही मंडळी जमली आणि संस्था स्थापन झाली. बाई आणि म्युझियमच्या नाणेविभागाचे प्रमुख रेजिनाल्ड स्टुअर्ट पूल हे दोघे मानद चिटणीस झाले. पैशाचा आधार होता तो सर इरॅस्मस विल्सन यांचा. हे शल्यवैद्य, 'क्लिओपात्राची सुई' म्हणून ओळखला जाणारा प्रचंड स्तंभ अलेक्झांड्रियाहून लंडनला आणण्याचा खर्च यांनीच पूर्वी उचलला होता. आता नव्या संस्थेच्या पहिल्या उत्खननासाठी त्यांनी ५०० पौंड दिले. बाकीची रक्कम वर्गणीदारांकडून यायची होती, आणि वर्गणीदार मिळवण्याचे काम मुख्यतः पत्रांनी व्हायचे होते. ही पत्रे बाईंनी वर्षानुवर्षे लिहिली.

येथे एक गोष्ट मंडळाच्या बाजूने स्वच्छपणे सांगितली पाहिजे. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्शियन वस्तूंचा विभाग ज्यांच्या हाती होता ते विद्वान सॅम्युएल बर्च या उपक्रमापासून दूर राहिले. ते स्वतः कधीही इजिप्तला गेले नव्हते. म्युझियममध्ये मांडायला वस्तू मिळणार नसतील तर नुसते खणून काय मिळवायचे, असा त्यांचा रोख होता. उलट मंडळाने सुरुवातीलाच जाहीर केले, की इजिप्तच्या नियमांनुसार सापडलेल्या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत आणि हे आम्हांला मान्य आहे. आम्हांला हवे आहे ते ज्ञान. इजिप्तच्या पुराणवस्तू खात्याचे फ्रेंच प्रमुख गास्तोँ मास्पेरो यांची परवानगी घेऊनच काम करायचे ठरले. उत्खननासाठी ट्रॉयमुळे गाजलेल्या श्लीमान यांचे नाव पुढे आले होते, पण मास्पेरोंना ते पसंत पडले नाही आणि मंडळाने ते सोडून दिले. म्हणजे तज्ज्ञ वस्तूंच्या मागे आणि हौशी ज्ञानाच्या मागे, असे उलटे चित्र त्या वर्षी दिसते. 'हौशी' हा शब्द सवलतीने वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता हीच तारीख कैरोतून पाहू. २७ मार्च १८८२ रोजी इजिप्तचा पंतप्रधान एक कवी होता. महमूद सामी अल-बारुदी हे अर्वाचीन अरबी कवितेच्या पुनरुज्जीवनातले पहिले मोठे नाव. जुन्या अरबी कवितेचा बांधा आणि तिची झळाळी त्यांनी पुन्हा मिळवून दिली. गीझाच्या पिरॅमिडांना उद्देशून लिहिलेली त्यांची कविताही आहे. फेब्रुवारीत ते सत्तेवर आले होते आणि मेअखेरीस त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या मंत्रिमंडळातले युद्धमंत्री होते अहमद उराबी, म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतले 'अराबी पाशा'. डेल्टातील झगाझिग शहराजवळच्या एका खेड्यातल्या शेतकरी कुटुंबातून आलेला हा सैन्याधिकारी. देश युरोपीय सावकारांच्या कर्जात बुडालेला, खजिन्यावर १८७६ पासून इंग्रज-फ्रेंचांची देखरेख, सैन्यातल्या वरच्या जागा तुर्की-चर्केस घराण्यांकडे. इजिप्त इजिप्शियनांचा, ही त्या चळवळीची मागणी. लंडनमध्ये इजिप्तवर प्रेम करणारे मंडळ आकार घेत होते त्याच आठवड्यांत कैरोमध्ये इजिप्तवर हक्क सांगणारे सरकार टिकण्यासाठी धडपडत होते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ११ जूनला अलेक्झांड्रियात दंगल झाली. ११ जुलैला ब्रिटिश आरमाराने त्या शहरावर तोफा डागल्या. ऑगस्टमध्ये फौजा सुएझ कालव्यातून इस्माइलियाला उतरल्या आणि गोड्या पाण्याच्या कालव्याच्या काठाने, वादी तुमिलात नावाच्या अरुंद हिरव्या पट्ट्यातून पश्चिमेकडे सरकल्या. १३ सप्टेंबरच्या पहाटे तेल-एल-कबीर येथे तासाभराच्या आत उराबींचे सैन्य मोडले. ब्रिटिशांचे ५७ जण मेले. इजिप्शियन मृतांची संख्या सुमारे दोन हजार धरली जाते.

या ठिकाणी आपण मराठी वाचक केवळ प्रेक्षक राहत नाही. त्या सैन्यात हिंदुस्थानातून पाठवलेली एक तुकडी होती. मेजर जनरल मॅकफर्सन तिचे प्रमुख होते आणि तिच्यात बंगाल व मद्रास लष्करांतील शिपायांबरोबर मुंबई लष्कराची २९ वी, बलुची पलटणही होती. तेल-एल-कबीर पडल्यावर त्याच दुपारी या तुकडीने झगाझिग गाठून तिथले रेल्वेचे ठाणे ताब्यात घेतले. म्हणजे उराबींच्या गावाशेजारचे शहर हिंदी शिपायांनी घेतले. मोहिमेच्या खर्चाचा एक भाग हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आला, आणि तो महसूल कोणाच्या खळ्यावरून येत होता हे वेगळे सांगायला नको. त्याच झगाझिगला लागून बुबास्तिस या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, आपल्या मंडळाने तिथे मोठे उत्खनन सुरू केले. तिथल्या देवळाच्या शिळा आज युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात.

युद्धामुळे मंडळाचे पहिले उत्खनन लांबले. जानेवारी १८८३ मध्ये स्विस विद्वान एदुआर नाव्हील इजिप्तला पोचले. खणण्यासाठी निवडलेली जागा होती तेल-एल-मसखुता. ही जागा वादी तुमिलातमध्येच, इस्माइलिया आणि तेल-एल-कबीर यांच्या दरम्यान आहे. चार-पाच महिन्यांपूर्वी फौज ज्या कालव्याकाठाने गेली त्याच काठावर आता कुदळ-फावडी चालू झाली. जागा निवडण्यामागे लढाईचा काहीही संबंध नव्हता. बायबलच्या 'निर्गम' या ग्रंथात इस्राएली लोकांकडून वेठीने बांधून घेतलेल्या पिथोम नावाच्या कोठारनगरीचा उल्लेख येतो. ती नगरी सापडावी ही वर्गणीदारांची मनीषा होती, आणि धर्मपीठावरच्या मंडळींनी या कामाला पाठिंबा दिला तो याच ओढीने.

पिथोम सापडलेही. निदान नाव्हील यांना तशी खात्री वाटली. लेखांमध्ये आतुम देवाच्या नगरीचे नाव होते, दुसऱ्या रामसेसची शिल्पे होती, जाड विटांच्या भिंतींचे चौकोनी कोठे होते. कोठे म्हणजे कोठारे, आणि कोठारे म्हणजे कोठारनगरी! वर्गणीदारांना याहून गोड बातमी दुसरी कोणती असणार? मास्पेरोंच्या मध्यस्थीने इजिप्त सरकारने मंडळाला दोन शिल्पे भेट दिली, रामसेसच्या नावाचा एक ग्रॅनाइटचा ससाणा आणि एका अधिकाऱ्याचा पुतळा. मंडळाने ती ब्रिटिश म्युझियमला दिली. वस्तू नकोत असे म्हणत सुरू झालेल्या वर्षाची अखेर वस्तू घेण्याने झाली. भेट कायदेशीर होती, यात शंका नाही. पण ज्या सरकारने ती दिली त्याच्या राजधानीत तेव्हा ब्रिटिश फौज बसलेली होती. अशा वेळी यजमान पाहुण्याला काय देतो आणि पाहुणा काय नेतो यांतली रेघ पुसट होते.

नाव्हील यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९७८ नंतर टोरांटो विद्यापीठाच्या मंडळींनी तिथे केलेल्या कामातून दिसले, की मसखुताला हिक्सोस काळात वस्ती होती, मग ती जागा शतकानुशतके ओस पडली, आणि इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाच्या अखेरीस, नेको राजाच्या कालव्याच्या काळात, तिथे पुन्हा वस्ती झाली. रामसेसच्या काळाचे गाव तिथे नव्हतेच. त्याची शिल्पे दुसरीकडून आणून बसवलेली होती आणि कोठेही पुष्कळ नंतरचे. पिथोमसाठी काही अभ्यासक आता त्याच वादीतल्या तेल-एल-रताबाकडे बोट दाखवतात. हौशी माणसाला जे हवे असते ते त्याला लवकर दिसते, असा धडा यातून कोणी काढील, आणि तो बरोबरच आहे. पण दुसराही धडा आहे. नाव्हील यांनी १८८५ मध्ये आपले काम पुस्तकरूपाने छापले, आणि छापले म्हणूनच ते पारखता आले. मंडळाने पहिल्या वर्षापासून अहवाल छापण्याची जी शिस्त लावून घेतली, ती त्या काळच्या कितीतरी धनिकांच्या आणि संग्राहकांच्या खणण्याला नव्हती. हे त्याचे खरे पुण्य.

मग तक्रार कशाची? लढाई मंडळाने लावली नव्हती. पूल किंवा बाई यांच्या हाती तोफा नव्हत्या. एका वर्गणीच्या मंडळाने साम्राज्याचे पाप आपल्या डोक्यावर का घ्यावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठी त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका इंग्रजाकडे पाहावे लागते. विल्फ्रिड ब्लंट हे कवी, जमीनदार आणि घोड्यांचे शौकीन. हौशीच गृहस्थ. परंतु त्यांची हौस जिवंत इजिप्तची होती. उराबींची बाजू त्यांनी लंडनमध्ये मांडली, आणि उराबींवर खटला उभा राहिला तेव्हा स्वतःच्या पैशाने इंग्रज वकील पाठवला. मृत्युदंड टळून हद्दपारी झाली, यात त्या खटपटीचा मोठा वाटा होता. म्हणजे १८८२ सालच्या इंग्रज माणसाला हे दिसणे शक्य नव्हते असे म्हणता येत नाही. ज्याची नजर तिकडे वळलेली होती त्याला ते दिसले. प्राचीन इजिप्तच्या प्रेमिकांची नजर तिकडे वळावी असे त्यांच्या प्रेमाच्या रचनेतच काही नव्हते. त्यांच्या इजिप्तमध्ये फेरो होते, इस्राएली होते, देवळे होती. जिवंत इजिप्शियन होता तो मजूर म्हणून, नावाडी म्हणून, किंवा जुन्या दगडांची नासधूस करणारा म्हणून.

आणि तो तसा नव्हता, हे अधिक महत्त्वाचे आहे. जुन्या वस्तू परदेशी नेण्यावर बंदी घालणारा हुकूम इजिप्तमध्ये १८३५ मध्येच निघाला होता, आणि त्यामागे रिफाअ अल-तहतावी या अरबी लेखकाचा आग्रह होता. याच तहतावींनी १८६८ मध्ये प्राचीन इजिप्तचा इतिहास अरबीत लिहून प्रसिद्ध केला, म्हणजे अमेलियाबाई नाईलवर पोचण्याच्या पाच वर्षे आधी. चित्रलिपी शिकलेले अहमद कमाल १८८१ मध्ये दैर-अल-बहरीच्या गुप्त विवरातून राजांच्या ममी बाहेर काढण्याच्या कामावर होते. पुढे त्यांनी प्राचीन इजिप्शियन भाषेचा बावीस खंडांचा कोश तयार केला, आणि तो छापलेला पाहण्यापूर्वीच १९२३ मध्ये ते वारले. नाव्हील यांचे पिथोम दोन वर्षांत छापून निघते आणि कमाल यांचा कोश हस्तलिखितात राहतो. ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय बहुधा असाच दिसतो. त्यात कोणी कोणाला मारत नाही. कोणाचे लेखन छापले जाते आणि कोणाचे राहते, एवढाच फरक असतो.

पुराणवस्तूंच्या या सगळ्या इतिहासाला सरसकट 'लूट' म्हणून मोकळे होणे हल्ली सोपे झाले आहे. आम्हांला ते पटत नाही, कारण या मंडळाच्या पहिल्या वर्षात लूट दाखवता येत नाही. परवानगी आहे, वर्गणी आहे, नोंद आहे, प्रकाशन आहे. उलट या मंडळींना 'ज्ञानाचे निःस्वार्थ उपासक' म्हणून हार घालणेही आम्हांला जमत नाही. त्यांचा स्वार्थ नव्हता हे मान्य करूनही, त्यांच्या निःस्वार्थ कामाला लागणारी शांतता कोणी, कशी आणि कोणाच्या खर्चाने मिळवून दिली हा प्रश्न उरतोच. या दोन्ही सोप्या निवाड्यांतून वर्षाचा खरा हिशेब हाती लागत नाही.

तो हिशेब आमच्या मते असा मांडावा. जमेच्या बाजूला प्रकाशनाची शिस्त, कायद्याचा आदर आणि म्युझियमच्या तज्ज्ञांना न सुचलेली जिज्ञासा. त्याच बाजूला एक बाईही आहेत. त्या काळात विद्यापीठांची दारे स्त्रियांना जेमतेम किलकिली झाली होती. बाईंनी पत्रांच्या बळावर एक अभ्यासशाखा उभी केली, आणि मृत्युपत्राने इजिप्तविद्येचे अध्यासन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिले, कारण तिथे स्त्रियांना पदवी मिळत होती. खर्चाच्या बाजूला मात्र अशी माणसे आहेत ज्यांची त्या मंडळाच्या वहीत नोंद होण्याचे कारण नव्हते. तेल-एल-कबीरचे शेतकरी-शिपाई, झगाझिगला पाठवलेले हिंदी शिपाई, त्यांचा खर्च भरणारा इथला रयत, आणि ज्यांना आपल्याच देशाच्या इतिहासात पाहुण्यासारखे राहावे लागले ते कमाल. सापडलेल्या वस्तूंची वाटणी पुढे नियमित झाली. मंडळाने पाठवलेले जिन्नस जगभरच्या शेकडो संग्रहालयांत पोचले. इजिप्तने १९८३ च्या कायद्याने ही वाटणीची पद्धत बंद केली. पहिल्या वर्षी मंडळाने जे आपणहून कबूल केले होते, ते कायद्याने पक्के व्हायला शंभर वर्षे लागली.

जानेवारी १८८३ मध्ये नाव्हील वादी तुमिलातकडे निघाले त्याच महिन्यात उराबी, बारुदी आणि त्यांचे सहकारी जहाजाने सिलोनला पोचले. बारुदी तिथे सतरा वर्षे राहिले. कविता लिहीत राहिले, दृष्टी गमावून मायदेशी परतले आणि १९०४ मध्ये गेले. पिरॅमिडांवर कविता लिहिणारा इजिप्शियन कवी देशाबाहेर गेला आणि पिथोम शोधणारा स्विस विद्वान देशात आला, हा त्या महिन्याचा योगायोग कोणी घडवून आणला नव्हता. पण एखाद्या देशाच्या भूतकाळावर प्रेम करणाऱ्या मंडळाला त्या देशाचा कवी हद्दपार झाल्याचे काहीच वाटत नसेल, तर त्या प्रेमाला अजून पुष्कळ शिकायचे आहे असेच म्हणावे लागेल. आमच्या वाचकांपैकीही कितीतरी जण अशा एखाद्या मंडळाचे सभासद असतील. लेण्यांचे, किल्ल्यांचे, नाण्यांचे, पोथ्यांचे. वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवला जातो, तेव्हा वहीत न आलेल्या खर्चाविषयी एकाने तरी उठून विचारावे. प्रश्न गैरसोयीचा वाटेल. तो विचारला गेल्याने हौस कमी होते असे मानायला मात्र काही आधार नाही.